गाडीच्या सीटमुळे कंबर दुखते. दुसऱ्या गाडीची सीट बसवून घेऊ का?

नका घेऊ. निदान आहे ती सीट एकदा उघडून बघितल्याशिवाय तरी नकाच. तुम्ही लिहिलंय की गाडी ९ वर्षांची हॅचबॅक आहे, रोज ७० किलोमीटर चालवता, पाऊण तासात कंबरेच्या उजव्या बाजूला कळ सुरू होते. जेलचं कुशन झालं, पाठीमागची उशी झाली, आणि आता गॅरेजवाला मोठ्या गाडीची सीट २२ हजारांत बसवून देतो म्हणतोय. तुमच्या प्रश्नातलं जवळपास सगळं मी भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कराडला असतो. बियाणं आणि ठिबकच्या सामानाचं काम. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि परत, असं महिन्याला अडीच हजार किलोमीटर होतं. २०२१च्या पावसाळ्यानंतर कंबर धरायला लागली. आधी फक्त गाडीतून उतरताना जाणवायचं, पुढे पुढे घाटाच्या अलीकडचं हेळवाक यायच्या आतच कळ सुरू व्हायची. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, दोन मणक्यांमधली गादी थोडी फुगलीय, ऑपरेशनसारखं काही नाही, सांगतो ते व्यायाम करा. मग त्यांनी विचारलं, "रविवारी दुखतं का?" रविवारी दुखत नव्हतं. दिवाळीत गाडी ८ दिवस दारात उभी होती, तेव्हाही दुखलं नव्हतं. ते म्हणाले, मग गाडीत कसे बसता ते एकदा कुणाला तरी मागून बघायला सांगा.

बायकोला मागच्या सीटवर बसवलं आणि मोबाइलवर फोटो काढायला सांगितला. फोटोत माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा सरळ सरळ खाली दिसत होता. घरी खुर्चीवर तसाच फोटो काढला तर दोन्ही खांदे एका रेषेत. एवढा एक फोटो तुम्ही आधी काढा. दुखणं उजवीकडे आहे म्हणताय, त्यामुळे मला तीच शंका येतेय. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या दाराने चढतो-उतरतो. दिवसातून वीस वेळा सगळं वजन सीटच्या उजव्या कडेवर येतं आणि तिथला फोम सगळ्यात आधी बसतो.

सीट उघडली ती आमच्या इथल्या एका वयस्कर सीटवाल्याने. ट्रकच्या आणि एसटीच्या सीटा करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. चार बोल्ट काढून त्यांनी सीट बाहेर घेतली, गोणपाटावर उलटी ठेवली आणि पकडीने कव्हरच्या रिंगा एकेक कापल्या. कव्हर सोलल्यावर खाली पिवळी भुकटी सांडली. तो फोम होता, स्प्रिंगच्या तारेवर घासून घासून पीठ झालेला. मागच्या उजव्या कोपऱ्यात एका नागमोडी स्प्रिंगचा आकडा चौकटीतून निसटून खाली लोंबत होता. त्यांनी डाव्या बाजूला अंगठा दाबला, मग उजव्या बाजूला दाबला, आणि म्हणाले, "उजवीकडं तीन बोटं खाली आहे. याच्यावर कितीबी उशा ठेवा, काय उपेग न्हाई."

हेच मला तुम्हाला सांगायचंय. आपण पाठ दुखते म्हणून पाठीमागे उशी लावत बसतो, आणि बिघाड असतो बुडाखाली. बैठकीचा मागचा भाग खचला की खुब्याची हाडं मागे कलंडतात, माणूस माकडहाडावर बसल्यासारखा बसतो आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. त्यातच एक बाजू जास्त खचलेली असली की कणा तिरपाही होतो. अशा वेळी मागची उशी नुसतीच पाठीला ढकलते, खालची हाडं कलंडलेलीच राहतात. तुमची उशी पहिले दोन दिवस बरी वाटली आणि मग नाही, ते बहुधा यामुळेच.

बसण्याचा आणि मणक्यांचा संबंध नीट मोजला गेलाय. स्वीडनमधले अस्थिशल्यतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभं असतानाच्या दाबापेक्षा आधाराशिवाय बसल्यावरचा दाब त्यांना बराच जास्त आढळला. नंतरच्या मोजणीत उभं राहणं आणि बसणं यातला फरक तेवढा मोठा निघाला नाही, पण दोन गोष्टी कायम राहिल्या. पुढे पोक काढून बसलं की दाब वाढतो, पाठ टेकून थोडं मागे रेललं की कमी होतो. गाडीत याच्या जोडीला हादरे असतात. बसलेल्या माणसाचा कणा साधारण सेकंदाला ४ ते ६ हेलकाव्यांना सगळ्यात जास्त हलतो, आणि खराब रस्त्यावरच्या हादऱ्यांत असे हेलकावेही असतात. म्हणून फोम फार मऊ चालत नाही आणि फार कडकही चालत नाही. मऊ फोम तळाला टेकतो, कडक फोम हादरा जसाच्या तसा वर पाठवतो.

ही चूक माझ्याकडून होत होती. मी त्यांना म्हणालो, एकदम कडक टाका, पुन्हा बसायला नको. ते तयार नव्हते. त्यांनी नवीन स्प्रिंग अडकवली, तिच्यावर जाड नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या घट्ट कापडाचा, तुकडा टाकला म्हणजे तार फोमला कापणार नाही, मेलेला फोम सुरीने चौकोनी कापून काढला आणि तेवढ्याच खड्ड्यात ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलो भरणाऱ्या फोमचा, तुकडा सोल्युशनने चिकटवला. वरून अर्ध्या इंचाचा मऊ थर सगळीकडे सारखा. पुढची कड, मांडीखालची, त्यांनी अजिबात छेडली नाही, कारण ती शाबूत होती. रिबॉन्डेड फोम, म्हणजे चुऱ्यापासून केलेला तो रंगीबेरंगी कडक फोम, त्यांनी दाखवला आणि म्हणाले, हा सोफ्याच्या तळाला ठीक, घाटात बसणाऱ्याला नको.

आणि कव्हर शिवायच्या आधी त्यांनी मला बसवलं. सीट गाडीत दोन बोल्टवर टेकवली, फोमवर प्लास्टिक टाकलं आणि २० मिनिटं बसून राहायला सांगितलं. गाडी जागेवर उभी, फक्त बसायचं. दहाव्या मिनिटाला मला उजवी बाजू उलट उंच वाटायला लागली. त्यांनी तिथला पाव इंच तासून काढला. एकदा कव्हर चढलं की हे कुणी करून देत नाही, त्यामुळे तुमचा सीटवाला अशी बैठक द्यायला तयार नसेल तर दुसरा बघा. नुसती सीटकव्हरं विकणाऱ्या झगमगीत दुकानात जाऊ नका. ट्रक, एसटी, ट्रॅक्टरच्या सीटा करणारा माणूस शोधा, त्याला स्प्रिंग आणि फोम दोन्ही कळतात. २०२२ साली माझे ३,२०० रुपये गेले आणि एक दिवस.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासा. सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला "एसआरएस एअरबॅग" असं इंग्रजीत लिहिलेलं छोटं लेबल शिवलेलं आहे का? असेल तर तुमच्या सीटमध्येच साइड एअरबॅग आहे, आणि मग पाठीच्या कव्हरला कुणालाही सुरी लावू देऊ नका. बरीचशी रेक्झिनची कव्हरंही अशा सीटवर चालत नाहीत, कारण बॅग फुटायची शिवण ती झाकून टाकतात. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर सीट सर्व्हिस सेंटरमध्येच काढून घ्या. ते कनेक्टर सुटलेलं असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि नंतर मशीन लावूनच जातो. सीटबेल्टच्या सूचनेची वायरही सीटखालूनच जाते.

आता ती २२ हजारांची सीट. दोन गाड्यांच्या रेलचं अंतर आणि बोल्टची भोकं सहसा जुळत नाहीत, मग गॅरेजवाला पट्ट्या वेल्ड करतो. कित्येक गाड्यांमध्ये बेल्टचं बकल सीटच्याच चौकटीला असतं, म्हणजे अपघातात तुमच्या अंगाचा सगळा झटका त्या वेल्डिंगवर येणार. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी अशा गोष्टी निघतात. हे सगळं बाजूला ठेवलं तरी मोठ्या गाडीची सीट उंच असते, तुमचं डोकं छताजवळ जाईल आणि पाय पेडलवर वेगळ्याच कोनात पडतील. मला हा मार्ग मुळीच पटत नाही. बदलायचीच असेल तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटची, उंची कमी-जास्त करता येणारी सीट शोधा. ती बहुतेक वेळा त्याच बोल्टवर बसते. सर्व्हिस सेंटरला दोन्हींचे पार्ट नंबर विचारून खात्री करा.

जेलचं कुशन मात्र आजच काढून ठेवा. जाड मऊ कुशनवर बसलं की ब्रेक लागताना माणूस त्याच्यासकट पुढे घसरतो, आणि सीटबेल्टचा कमरेवरचा पट्टा खुब्याच्या हाडांवरून सरकून पोटावर येतो. पोटावर आलेला पट्टा आतड्यांना इजा करू शकतो.

सीट दुरुस्त झाल्यावर ती लावायची कशी, हे मला एका फिजिओथेरपिस्टने गाडीत बसवून शिकवलं. आधी बूड पार मागे, कोपऱ्यात. मागच्या खिशातलं पाकीट काढायचं, याला अपवाद नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि बूड मागून सुटता कामा नये. सीटची कड आणि गुडघ्याची खोबण यात दोन-तीन बोटं जागा. गुडघे खुब्यापेक्षा वर नकोत. पाठ काटकोनापेक्षा थोडीच मागे, १०० ते ११० अंशांत. खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं पाहिजे, आणि छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटीमीटर लांब. हे सगळं झाल्यावर पँटचा पट्टा बांधतो त्या पातळीला पोकळी वाटली तर हातरुमालासारखा छोटा टॉवेल गुंडाळून लावा, जाड उशी नको. माझा टॉवेल अजून आहे.

छोट्या गाड्यांमध्ये आणखी एक अडचण असते, तिच्यावर फारसा इलाज नाही. पुढच्या उजव्या चाकाची कमान पायापाशी आत येते, त्यामुळे पेडल थोडे डावीकडे ढकललेले असतात आणि कंबर नकळत डावीकडे वळते. डावा पाय टेकायला जागा असेल तर क्लच नसताना तो तिथेच ठेवा, हवेत किंवा क्लचवर धरू नका.

सीटवर खर्च करताना शॉकअप आणि टायरही बघून घ्या. माझे मागचे दोन्ही शॉकअप तेल सोडत होते. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असेल तेवढीच भरा, वर पाच पॉइंट जास्त भरून घेतले की प्रत्येक खड्डा कंबरेत उतरतो.

माझं दुखणं एका दिवसात गेलं नाही. पहिल्या आठवड्यात कळ पाऊण तासाऐवजी दीड तासाने यायला लागली, आणि साधारण अडीच महिन्यांनी चिपळूणला पोचेपर्यंत ती आलीच नाही. त्यात व्यायामाचा वाटा होता, आणि दर तासाला उतरून पाच मिनिटं चालण्याचाही. लांबचा प्रवास करून उतरल्या उतरल्या डिकीतून जड पिशवी ओढायची नाही, हेही तेव्हापासून पाळतो. बराच वेळ बसल्यावर कंबरेचे बंध काही मिनिटं सैल राहतात, आणि वाकून उचलताना नेमकी तेव्हाच उसण भरते.

कळ पायात खालपर्यंत जात असेल, पाय बधिर होत असेल किंवा पंजा उचलायला जड जात असेल तर सीटचं नंतर बघा, आधी डॉक्टरांना दाखवा. दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला जा, सकाळची वाट बघू नका.

आज संध्याकाळी मागून तो फोटो काढा. उजवा खांदा खाली दिसला तर सीट उघडायला लावा, आणि फोमचा आणि स्प्रिंगचा फोटो उत्तराखाली टाका. कुठे भर घालायची आणि कुठे नाही ते मी बघून सांगतो.