काटोलच्या बागेचे पैसे आणि १९९४ ची सुप्रा

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३९, मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख ३५ हजार येतात. पत्नी बँकेत आहे, तिचा पगार ७० हजार. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. फ्लॅटचं ३१ लाखांचं कर्ज बाकी आहे. व्याज साडेआठ टक्के, ३३ हजारांचा हप्ता अजून १३ वर्षं चालेल. वडिलांनी काटोलजवळची संत्र्याची बाग विकली आणि त्यातले ४२ लाख यांच्या वाट्याला आले. आता त्यांना १९९४ ची टोयोटा सुप्रा, ट्विन टर्बो, ३४ लाखांना मिळते आहे. पासिंग दुसऱ्या राज्यातलं आहे. विकणाऱ्याचं म्हणणं असं, की दहा वर्षांत गाडीची किंमत दुप्पट होईल आणि नफ्यावर कर लागणार नाही. महिनाअखेरपर्यंत टोकन हवं आहे. वाचक विचारतात, 'कॉलेजपासून या गाडीचं वेड आहे. गुंतवणूक समजून घेऊन टाकू का?'

नमस्कार. आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. ही गाडी, या कागदांवर, घेऊ नका. टोकनही देऊ नका. तुमच्या वेडाबद्दल मात्र मला आदर आहे, आणि त्यासाठी तुमच्या पैशात जागा काढता येईल असंही वाटतं. तिकडे शेवटी येतो.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबलो. 'आरसी क्लिअर आहे, कस्टम्सचे कागद आधीच्या मालकाकडे राहिले.' ३४ लाखांचा सगळा प्रश्न या एका ओळीत आहे. भारतात जुनी गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही. दुसरी वाट व्हिंटेजची, आणि त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते. १९९४ ची गाडी ते वय २०४४ मध्ये गाठेल. म्हणजे ही सुप्रा कायदेशीरपणे आली असेल तर ती नवी किंवा जवळजवळ नवी असताना, पूर्ण शुल्क भरून किंवा परदेशातून कायमच्या परतणाऱ्या माणसाच्या सवलतीतून आलेली असायला हवी. तसं झालं असेल तर 'बिल ऑफ एंट्री' नावाचा कस्टम्सचा कागद निघालेला असतोच. तो दाखवता येत नसेल, तर गाडी सुट्या भागांच्या नावाखाली आणून इथे जोडलेली, किंवा पर्यटकांसाठीच्या तात्पुरत्या परवान्यावर येऊन परत न गेलेली असण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

आरसी हातात असली की काळजी मिटली, असं लोकांना वाटतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्या ताब्यात घेतल्या, त्यांनाही भारतीय नोंदणी होती. आरटीओची नोंद ही कस्टम्सची पावती नसते. बुडवलेलं शुल्क कोणी भरायचं यावर पुढे वकील वाद घालतील, पण गाडी उचलली जाते ती त्या दिवशीच्या मालकाच्या पार्किंगमधून. विमा कंपनी अशा जप्तीचे पैसे देत नाही. विकणारा तोवर फोन उचलेल का, याचा अंदाज तुम्हीच करा.

समजा कागद सापडला. तरी चेसिस नंबर स्वतः डोळ्यांनी पाहा. जपानी बाजारासाठी बनलेल्या या पिढीच्या सुप्राचा नंबर 'जेझेडए८०'ने सुरू होतो आणि इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यापुढे खरा प्रश्न इंजिनाचा आहे. सुप्रा दोन प्रकारांत मिळायची. टर्बोवाल्या आरझेडमध्ये २जेझेड-जीटीई इंजिन, जपानमध्ये जाहीर ताकद २८० पीएस. एसझेडमध्ये टर्बो नसलेलं २जेझेड-जीई, २२५ पीएसचं. साध्या एसझेडमध्ये पुढे टर्बो इंजिन बसवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. तुमच्या गाडीत तसं झालं असेल आणि आरसीवर जुनाच इंजिन नंबर असेल, तर आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेला तो बदल बेकायदा ठरतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारायला तिथूनच सुरुवात करते.

आता पासिंग. बाहेरच्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर एनओसी आणून इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. आयात गाड्यांना आपल्याकडे कराचा दर चढा आहे. वयामुळे त्यात घट मिळते, पण आकडा किती, हे आरटीओतून लेखी काढून घेतल्याशिवाय सौद्याची किंमत ठरवू नका. शिवाय २० वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून ८० हजार रुपये झालं आहे, आणि ते दर पाच वर्षांनी भरायचं आहे. थर्ड पार्टी विमा १५०० सीसीवरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. हा आकडा छोटा आहे. अडचण चोरी-नुकसानीच्या विम्याची आहे. इतक्या जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते, आणि ३४ लाखांवर सही करणारी कंपनी शोधणं अवघड जातं. 'आधी लेखी कोटेशन, मग सौदा' हा क्रम सोडू नका.

नागपुरात ही गाडी सांभाळणं म्हणजे काय, यावर थोडा वेळ देतो, कारण तुम्ही 'मेन्टेनन्स वर्षाला ५०-६० हजार' असं लिहिलं आहे. हा आकडा मला अजिबात पटत नाही.

टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला थंड करतो. मेअखेरच्या नवतपात आपल्याकडे पारा ४५-४६ वर जातो तेव्हा इंटरकूलरमध्ये शिरणारी हवाच तापलेली असते. मग इंजिनात नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचा, धोका वाढतो, नॉक सेन्सरमुळे ठिणगी उशिरा पाडली जाते, आणि ज्या ताकदीसाठी पैसे मोजले ती निम्म्या उन्हाळ्यात मिळतच नाही. या इंजिनावर दोन टर्बो एकामागून एक कामाला लागतात: खालच्या वेगावर पहिला, साधारण ४००० आरपीएमनंतर दुसराही. ही अदलाबदल व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि व्हॉल्व्ह करतात. तीस वर्षं जुनं रबर, त्यावर विदर्भाचा उन्हाळा. एक नळी चिरली की दुसरा टर्बो जागाच होत नाही, आणि दोष शोधण्यात मेकॅनिकचे दिवस जातात. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक दणकट म्हणून जगभर नावाजलेला आहे, ते खरंच आहे. खर्च त्याच्या आजूबाजूच्या गोष्टी काढतात: टायमिंग बेल्ट, रेडिएटर, होज, बुश, सील.

पेट्रोलचा मुद्दा याहून महत्त्वाचा. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. ऑक्टेनची, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेची, चिंता त्यात कमी आहे, इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं. पण त्याच हवेला साध्या पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे भरून काढतो. टर्बो पूर्ण दाबानं चालत असताना मात्र १९९४ चा ईसीयू जपानी पेट्रोलसाठी आखलेल्या ठरावीक तक्त्यानुसार इंधन सोडतो, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), आणि टर्बो इंजिनाची पिस्टन पातळ मिश्रणाने जळतात. म्हणून आधी इंधनाच्या नळ्या आणि सील बदलायचे, मग ट्यूनिंग करून घ्यायचं. इथेनॉलच्या धोरणामागचा सर्वात ठाम आवाज आपल्याच शहराचे खासदार नितीन गडकरी यांचा आहे, आणि ते धोरण मागे फिरेल असं धरून कोणी गाडी घेऊ नये.

सुटे भाग मिळतात. टोयोटानं जुन्या सुप्राचे काही भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत, ही चांगली बातमी आहे. पण ते जपानहून येणार, वर सीमाशुल्क, वर १८ टक्के जीएसटी, वर वाट पाहणं. मोठं काम निघालं आणि हे इंजिन हाताळलेला माणूस पुण्या-मुंबईतच सापडला, तर गाडी फ्लॅटबेडवर चढवून समृद्धीनं ७०१ किलोमीटर न्यायची. टायरचंही लक्षात घ्या: गाडी कमी धावली म्हणून टायर टिकत नाहीत, त्यांचं वय बघायचं. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर १२० च्या वेगानं जुने टायर घेऊन कुटुंबासह जाऊ नका, ही विनंती आहे.

नूतनीकरण, विमा, टायर, इंधन, ऑइल आणि एखाद्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायची रक्कम धरून मी वर्षाला अडीच लाख धरतो. हा माझा अंदाज आहे, आणि तो सढळ आहे असं मला वाटत नाही.

आता 'दुप्पट'चा हिशेब. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ७.२ टक्के. तुमचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे. म्हणजे विकणाऱ्याचं स्वप्न पूर्ण खरं झालं, एक रुपयाही मेन्टेनन्स लागला नाही, तरी कर्ज फेडणं जास्त फायद्याचं ठरतं. आता खर्च मिळवा. साडेआठ टक्क्यांनी ३४ लाखांचे दहा वर्षांत जवळपास ७७ लाख होतात. वर्षाला अडीच लाखांचे होतात ३७ लाख. म्हणजे गाडी २०३५ च्या पुढे १ कोटी १४ लाखांना विकली गेली, तर तुम्ही कर्ज फेडणाऱ्या शेजाऱ्याच्या बरोबरीला याल. दुप्पट म्हणजे ६८ लाख. मधले ४६ लाख ही छंदाची किंमत. ती द्यायची का, हा प्रश्न रास्त आहे. तिला गुंतवणूक म्हणणं रास्त नाही.

आणि ते ६८ लाख तरी देणार कोण? सुप्राच्या चढ्या किमती ऐकू येतात त्या जपान-अमेरिकेतल्या लिलावांच्या. अमेरिकेत २५ वर्षं झालेली परदेशी गाडी आयात करता येते, म्हणून तिथला खरेदीदार जपानमधल्या गाड्यांवर तुटून पडतो. तुमची गाडी त्या बाजारात नाही. भारतीय पासिंगची, कस्टम्सचा कागद नसलेली गाडी घेणारे देशात मोजकेच, आणि ते पहिला प्रश्न तोच विचारणार जो आज मी विचारतो आहे.

कराबद्दल अर्धं खरं सांगितलं गेलं आहे. वैयक्तिक वापरातली गाडी आयकराच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ता नसते, म्हणून विकून नफा झाला तर सहसा कर लागत नाही. पण वापर सिद्ध करावा लागतो. १९८३ मध्ये २० हजारांना घेतलेली १९३१ ची फोर्ड टूरर पुढे २१ लाखांना विकली गेली. वैयक्तिक वापराचा पुरावा नव्हता म्हणून तो नफा करपात्र असल्याचं मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं. 'गुंतवणूक समजून' झाकून ठेवलेली गाडी नेमकी याच कचाट्यात सापडते.

माझा सल्ला असा. ४२ लाखांतले १६ लाख गृहकर्जात भरा आणि हप्ता ३३ हजारच ठेवा. उरलेले १५ लाख १३ वर्षांऐवजी साधारण पावणेपाच वर्षांत फिटतील. १२ लाख दोन्ही मुलांच्या शिक्षणासाठी, मुलीचे थोडे सुरक्षित, मुलाचे इक्विटीत, कारण त्याला वेळ आहे. ६ लाख अडीअडचणीसाठी बाजूला, त्यात तुमच्या वडिलांचं आजारपण धरलेलं आहे. ते ७२ वर्षांचे आहेत आणि त्यांचा विमा नाही असं तुम्ही लिहिलं आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड या आठवड्यात काढा. बाग त्यांनी लावली होती. पैशाचं काय करता आहात हे त्यांना आधी सांगा, नंतर पार्किंगमध्ये दिसू देऊ नका.

उरले ८ लाख. हे तुमच्या वेडाचे, निर्धास्त ठेवा. वेगळ्या खात्यात टाका, महिन्याला १५ हजारांची भर घाला. ७ टक्के धरले तर पाच वर्षांत २२ लाखांच्या आसपास होतील, आणि तोवर घराचा हप्ताही संपलेला असेल. मग महिन्याचे ३३ हजार मोकळे होतात, ज्यातून अशी गाडी खऱ्या अर्थानं सांभाळता येते. त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या गाड्यांकडे आधी बघा. मित्सुबिशीची लान्सर इव्हो टेन इथे २०१० च्या सुमारास रीतसर विकली गेली: दोन लिटर टर्बो, चारही चाकांना ताकद. ती सुप्रा नाही, हे मला कळतं. पण तिच्या कागदांवर झोप लागते.

विकणाऱ्याला आज एवढंच विचारा: बिल ऑफ एंट्रीची प्रत, चेसिस आणि इंजिन नंबरचे फोटो, आणि पहिल्या नोंदणीपासूनचा मालकांचा क्रम. टोकनआधी ते द्यायला तो तयार झाला, तर प्रती मला पाठवा. कागद खरे निघाले तर किमतीवर आपण नव्यानं बोलू.