प्रकाशन: वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

कवितासंग्रह छापून दुकानांत विक्रीला गेलाय, पण समारंभ व्हायचाय. पुस्तक प्रकाशित झालं का?

झालं. प्रती लोकांना उपलब्ध झाल्या की प्रकाशन झालं, असं कॉपीराइट कायदा, १९५७ म्हणतो. समारंभ हौसेचा.

फेसबुकवर सर्वांसाठी टाकलेली कथा दिवाळी अंकाला ‘अप्रकाशित’ म्हणून पाठवू का?

नको. तेही प्रकाशनच. संपादकांना आधी स्पष्ट सांगा आणि चालेल का ते विचारा.

एकांनी ‘आयएसबीएन आणि कॉपीराइटसह’ पॅकेज देऊ केलंय. नंबर मिळाला की हक्क सुरक्षित ना?

नाही! आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ अंकी ओळख क्रमांक आहे, हक्काशी त्याचा संबंध नाही. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो मोफत देते. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक, पुरावा म्हणून उपयोगी. जे मुळात तुमचंच आहे ते तुम्हाला विकलं जातंय. बाबवार दरपत्रक मागा आणि ते कुणा जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

करारात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढंच आहे. मुदत नाही. सही करून बसलोय.

सही करून मग विचारायला येणारे तुम्ही एकटे नाही, हेच दुःख आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणजे तुम्ही थोडक्यात बचावला असाल. पण ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द कुठे दडलेत का, ते पाहा. ती मुदत लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं चालते. पुस्तक बाजारातून नाहीसं झालं तरी तुमच्या नातवंडांना ते दुसरीकडे देताना अडचण येईल. छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यायचे असतात. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष वसुलीवर, हिशेब कधी, हेही. “सगळे असंच करतात” हे ऐकून सही करू नये. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो संपतो. म्हणून करारावरच्या तारखेला महत्त्व आहे. मूळ करार घेऊन या आठवड्यातच वकिलाला भेटा.

पुस्तक मीच काढलं. प्रती कुठे पाठवायच्या असतात का?

हो. ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतच्या १९५४ च्या कायद्यानुसार, प्रकाशनापासून ३० दिवसांत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि नेमून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना. मुद्रकाने पाठवल्या असतील असं धरून चालू नका, प्रकाशक तुम्ही आहात.