हाउसफोग्टायप्लाट्झला जाशील तेव्हा

चि. …,
अनेक आशीर्वाद.

बर्लिनला पोचलीस की जो तो तुला नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या, ब्रांडेनबुर्ग गेटजवळच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या स्मारकाकडे नेईल. जरूर जा. पण तू रेडीमेड कपड्यांचा धंदा शिकायला निघाली आहेस, म्हणून सांगतो, आधी हाउसफोग्टायप्लाट्झ हा जुन्या कपडेबाजाराचा चौक पाहा. यू-टू मेट्रोनेच जा, कारण तिथल्या ज्यू कपडे-व्यापाऱ्यांचं स्मारक स्टेशनच्या जिन्यातच सुरू होतं. पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर ज्यू पेढ्यांची नावं आणि पत्ते आहेत. वर चढणाऱ्याला ती वाचता येतात, उतरणाऱ्याच्या नजरेसही पडत नाहीत. घाई करू नकोस. मागचे लोक बाजूने जातील.

वर चौकात तीन उंच आरसे आहेत, ट्रायल रूममधल्यासारखे. रायनर ग्योर्स या कलावंताचं हे 2000 सालचं काम. फोटो काढावासा वाटला तर काढ, त्यात पाप नाही. आरसा दिसला की माणूस डोकावणारच. मात्र पायाशी जमिनीत बसवलेला मजकूर वाचल्याशिवाय हलू नकोस.

1830 नंतर गेर्सन, मानहाइमर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी इथे तयार कपड्यांचा धंदा उभा केला. डिझाइन आणि विक्री पेढीत, शिलाई मात्र मधल्या कंत्राटदारामार्फत बर्लिनभर घरोघरी बसलेल्या बायकांकडे. पीसवर मजुरी, मोसमात रात्र-रात्र काम, मोसम संपला की हात रिकामे. ही व्यवस्था तुला काही नवी नाही. पेढ्यांचं कौतुक ऐकताना या बायकांना विसरू नकोस.

1 एप्रिल 1933 ला ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला आणि दारात नाझी पहारेकरी उभे राहिले. मे महिन्यात ‘आडेफा’ ही ‘आर्य’ (म्हणजे ज्यू नसलेल्या जर्मन) कपडे-कारखानदारांची संघटना निघाली. ज्यूंना या धंद्यातून हुसकावणं हेच तिचं काम. कपडा आर्य हातचा आहे हे सांगणारं लेबलसुद्धा तिने काढलं. बोटभर लेबल, आतल्या शिवणीत! नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंची दुकानं फोडली गेली, मग वटहुकुमाने त्यांचा उरलेला व्यापारही बंद झाला. ऑगस्ट 1939 मध्ये आडेफाने काम फत्ते झालं म्हणून गाशा गुंडाळला. माझ्या मते या चौकाची खरी गोष्ट फुटलेल्या काचांपेक्षा लेबलांत, करारांत आणि सह्यांत आहे. शेजारचे स्पर्धक, पुरवठादार, गिऱ्हाईक, सगळे त्यात होते.

म्हणून एक काम देतो. पायरीवरचं एक नाव निवड आणि त्या पेढीचं पुढे काय झालं ते शोध. मालक निसटला की पकडला गेला, पेढी कुणाच्या नावावर चढली, किती पैशांत. बर्लिनच्या ग्रंथालयांतल्या ग्रंथपालांना विचारायला लाजू नकोस.

ग्रुनेवाल्ड स्टेशनचा 17 नंबरचा फलाटही पाहा. बर्लिनच्या ज्यूंना हद्दपार करून नेणाऱ्या गाड्या तिथून सुटल्या. लोखंडी पट्ट्यांवर तारीख, माणसांचा आकडा आणि ठिकाण आहे. पण ते वेगळ्या दिवशी. दोन्ही एका फेरीत उरकू नकोस.

तुझा,
काका