दोन देशांतील जगणे कशावर तोलावे?

प्रश्न : एका देशाचे दरडोई उत्पन्न दुसऱ्या देशाच्या कितीतरी पट असेल, तर तिथले जीवनही त्याच प्रमाणात चांगले असते, असे समजावे का? तसे नसेल, तर तुलना कोणत्या निकषांवर करावी?

उत्तर : तसे समजू नये. देशाच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न मिळते. ते उत्पन्न कोणाच्या पदरात पडले आणि त्यातून काय साधले, याचा त्यात पत्ता लागत नाही. शिवाय चलनाच्या विनिमय दराने केलेली तुलना हमखास फसवते. स्थानिक किमती लक्षात घेऊन, क्रयशक्ती समानतेनुसार काढलेले आकडेच वापरावेत.

ही उणीव ओळखूनच पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन प्रभृतींच्या साहाय्याने मानव विकास निर्देशांक आखला आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने तो १९९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण येते. २०१० पासून तिन्हींचा भूमितीय मध्य, म्हणजे बेरजेऐवजी गुणाकारावर आधारलेली सरासरी, काढला जातो, त्यामुळे एका बाबतीतली दुरवस्था दुसऱ्या बाबतीतल्या भरभराटीखाली सहज झाकली जात नाही. मात्र हाही निर्देशांक सरासरीवरच उभा आहे. म्हणून त्याच्यासोबत प्रसिद्ध होणारा, विषमता विचारात घेऊन काढलेला निर्देशांक आवर्जून पाहावा.

अमेरिका आणि मध्य अमेरिकेतील छोटा देश कोस्टा रिका यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. अमेरिकेचे दरडोई उत्पन्न कोस्टा रिकाच्या काही पट आहे, तरीही २०१९ मध्ये अमेरिकेतील सरासरी आयुर्मान ७८.८ वर्षे होते आणि कोस्टा रिकातील त्याहून अधिक. कोस्टा रिकाने १९४१ मध्ये सामाजिक सुरक्षा संस्था स्थापन केली, १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केले आणि १९९० च्या दशकात वस्तीवस्तीसाठी प्राथमिक आरोग्य पथके नेमली. पथकातील कर्मचारी घरोघरी जातो, मुलांचे लसीकरण झाले आहे का ते पाहतो, रक्तदाब मोजतो आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे पाठवतो. आजार बळावण्याआधीच कोणीतरी दार ठोठावते, याचे मोल दरडोई उत्पन्नात दिसत नाही. अर्थात, तेवढ्यावरून कोस्टा रिका सर्वच बाबतींत सरस ठरत नाही. उत्पन्नातील विषमता तिथे अमेरिकेपेक्षाही जास्त आहे.

वेळ हा निकष तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. जर्मनीत १९६३ च्या कायद्याने कामगाराला वर्षाकाठी किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात खासगी नोकरदारासाठी अशा रजेची कोणतीही हमी नाही. दोघांचा वार्षिक पगार सारखाच असला, तरी त्यांचे वर्ष सारखे जात नाही.

म्हणून आपण आधी ही तुलना कोणासाठी करत आहोत, ते ठरवावे, असे मी सुचवेन. धडधाकट, कुशल आणि एकट्या तरुणाच्या दृष्टीने करानंतर हाती उरणारा पगार निर्णायक ठरू शकतो. दीर्घ आजार असलेल्या व्यक्तीने उपचारांचा किती खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, हे आधी पाहावे, तर लहान मुलांच्या पालकांनी पाळणाघराचा खर्च आणि बाळंतपणाच्या रजेचे नियम. उत्पन्नाचा विचार करताना सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सर्वांना उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या व्यक्तीचे उत्पन्न, घ्यावा, कारण मूठभर अतिश्रीमंतांमुळे सरासरी फुगते, मध्यक मात्र जागचा फारसा हलत नाही.