सराउंडसाठी अॅम्प्लिफायर किती वॅटचा?

प्रश्न : धरमपेठेतील आमच्या १२ बाय १५ फुटांच्या बैठकीत ५.१ सराउंड (भोवती पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) बसवायचे आहे. अॅम्प्लिफायर प्रति चॅनेल (म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी) ५० वॅटचा पुरेल की १०० वॅटचाच घ्यावा?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वॅट दुप्पट केल्याने आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, म्हणून जादा वॅटचे पैसे ९० डेसिबलच्या आसपास सेन्सिटिव्हिटी (एक वॅटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज) असलेल्या स्पीकरवर खर्च करावेत, ५० वॅट तुमच्या खोलीला पुरतील. मात्र स्पीकर ४ ओहमचे (ओहम हे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप) असल्यास अॅम्प्लिफायर तेवढा भार पेलतो का, हे माहितीपत्रकात अवश्य पाहावे, कारण ओहम कमी असले की विद्युतप्रवाह वाढून अॅम्प्लिफायर अधिक तापतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना बंद कपाटात ठेवलेला अॅम्प्लिफायर मध्येच बंद पडू शकतो. चित्रपटातील संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तो समोरच्या दोन्ही स्पीकरच्याच कंपनीच्या त्याच मॉडेल-मालिकेतील असावा, असा माझा आग्रह आहे.