पोरीचा डोळा तिरळा आहे, ऑपरेशनला पैसे नाहीत, सांगली-मिरजेत कमी खर्चात कुठं दाखवावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही जतकडच्या, पोरगी सहा वर्षांची, पहिलीला आहे, उजवा डोळा नाकाकडं वळतो, बाई म्हणतात फळ्यावरचं दिसत नाही, एका खाजगी दवाखान्यात पहिल्याच दिवशी ऑपरेशनचा आकडा सांगितला आणि दिवाळीनंतर तुम्ही दोघं टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार. मी डॉक्टर नाही. मिरजेत चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, जतकडची माणसं रोज काउंटरवर येतात, त्यामुळं कुठं काय होतं हे बऱ्यापैकी माहिती झालंय.

पहिलं म्हणजे तो ऑपरेशनचा आकडा सध्या डोक्यातून काढा. लहान पोरांचा डोळा आत वळतो तेव्हा पुष्कळ वेळा त्यामागं मोठा प्लसचा नंबर असतो, पोरगं नीट दिसावं म्हणून डोळ्यावर जोर देतं आणि त्या जोरात डोळा आत ओढला जातो, अशा पोराला बरोबर नंबरचा चष्मा लावला की डोळा बराचसा सरळ होतो, काहींचा तर पूर्ण. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, काहींना ऑपरेशन लागतंच, पण ते चष्मा लावून बघितल्यावर ठरतं. आणि ऑपरेशननं डोळा सरळ दिसतो, नजर वाढत नाही. नजरेचं काम वेगळं, ते चष्मा आणि पट्टीनंच होतं, पट्टीचं खाली सांगतो.

आता आमच्या धंद्याच्या विरोधात बोलतो. पोरीचा नंबर दुकानात काढू नका, आमच्याकडं पण नको. ते मशीन असतं ना, हनुवटी ठेवून आत बघायचं, ते मोठ्या माणसाला ठीक आहे, पण लहान पोरं आत बघताना डोळ्यावर जोर देतात आणि मशीन चुकीचा नंबर दाखवतं, प्लसचा नंबर तर लपूनच जातो. पोराचा नंबर डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून, डॉक्टरनंच काढायचा. तिरळ्या डोळ्याच्या पोरांना बहुतेक वेळा ॲट्रोपिनचं मलम देतात, तीन दिवस घरी घालायचं आणि मग परत बोलावतात. म्हणजे दोन खेपा होणार हे धरूनच निघा. मलम तांदळाएवढंच घालायचं, हात धुवायचे, पोरीच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, आणि तोंड लाल होऊन ताप आला तर बंद करून डॉक्टरला विचारायचं. त्यानंतर आठ-पंधरा दिवस जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. बायका घाबरून येतात की औषधानं डोळा गेला. गेलेला नसतो, औषध उतरलं की येतं. बाईंना तेवढं आधी सांगून ठेवा नाहीतर पोरीला वाचायला लावून ओरडा बसायचा.

कुठं जायचं. सगळ्यात जवळ जतचं ग्रामीण रुग्णालय. आरोग्य खात्याच्या अशा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पण पैसे घेत नाहीत. तिथं आरबीएसकेच्या टीमची चौकशी करा, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. हे तेच डॉक्टर जे अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा पोरं तपासायला येतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची पोरं त्यात बसतात आणि डोळ्याचे आजार पण बसतात. तुमची पोरगी टीम आली तेव्हा फडावर असेल, म्हणून राहून गेली असेल. त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन पुढं गेलं की मोठ्या दवाखान्यात विचारपूस कमी होते आणि पुढचा उपचार योजनेतनं व्हायला सोपं जातं. शाळेतल्या पोरांना फुकट चष्मे द्यायची सरकारी सोय पण आहे, बाईंना आणि आरबीएसकेवाल्यांना दोघांनाही विचारा, एकानं नाही म्हटलं की सोडून देऊ नका.

पुढं सांगली सिव्हिल नाहीतर मिरज सिव्हिल. दोन्ही मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजची, पैसे नावालाच लागतात. गर्दी असते, खरं आहे, शिकाऊ डॉक्टर आधी बघतात मग मोठे, अर्धा दिवस जातो. पण पोराच्या डोळ्यात औषध घालून निवांत तपासणी तिथं होते आणि ऑपरेशन गळ्यात मारायचं त्यांना काही कारण नाही. सकाळी लवकर पोचा, पोरीला खायला बरोबर घ्या. गर्दी नकोच वाटली तर मिरजेत लायन्स नॅबचं डोळ्याचं हॉस्पिटल आहे, ट्रस्टचं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहेच, पोरीलाही अर्धंच. लहान पोरांचाच डोळ्याचा डॉक्टर पाहिजे असं कोणी सांगितलं तर पुण्यात हडपसरजवळ महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, ते पण ट्रस्टचं, पण तेवढ्या लांब पहिल्याच फेरीत जायची गरज नाही.

ऑपरेशन लागलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजना. आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून टेबल असतं, त्याला विचारायचं की हे ऑपरेशन यादीत आहे का आणि या दवाखान्यात होतं का. फोन करायचा तर १५५३८८. चष्मा आणि नुसती तपासणी यात येत नाही, ते लक्षात ठेवा. रेशनकार्डावर पोरीचं नाव चढलंय का ते आजच बघा, इथंच जास्त लोक अडकतात.

आता पट्टी. वळलेल्या डोळ्याकडं मेंदू लक्ष द्यायचं सोडतो आणि तो डोळा आळशी होतो. म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. हो, चांगल्याच डोळ्यावर, आज्जी-आजोबा यावरनं भांडतात. रोज किती तास ते डॉक्टर सांगतील, कुणाला दोन, कुणाला सहा. पट्टी चष्म्याच्या काचेवर नाही, कातडीवर चिकटवायची, वरनं चष्मा, नाहीतर पोरं फटीतनं बघतात. पट्टी असताना जवळचं काम द्या, मणी ओवणं, तांदूळ निवडणं, चित्रं रंगवणं, अगदी मोबाईलवरचा गेम पण चालेल. हे सात-आठ वर्षांच्या आत सुरू झालं तर चांगलं, मोठ्या पोरांनाही फरक पडतो पण वेळ जास्त लागतो. म्हणून सांगतो, "सीझन संपल्यावर बघू" म्हणू नका. आत्ता तपासणी, चष्मा, पट्टी सुरू करा आणि फडावर चालू ठेवा. मात्र न दाखवता महिनोन्महिने पट्टी लावायची नाही, चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते. पोरगी गावात आज्जीकडं राहणार असेल तर उत्तमच, बरोबर नेणार असाल तर सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. कराड-सातारा बाजूचा कारखाना असला तर कराडचं उपजिल्हा रुग्णालय आहे, मलकापूरचं कृष्णा हॉस्पिटल आहे, साताऱ्याला सिव्हिल आहे, तिथं तेच कागद दाखवून पुढची तपासणी होते.

चष्मा बाहेर घ्यावा लागला तर एवढंच सांगा: काच नको, पॉलिकार्बोनेट (सहज न फुटणारं प्लास्टिक) द्या, फ्रेम पूर्ण कडांची, मागनं रबरी पट्टा. ब्लू कट (मोबाईलचा निळा उजेड अडवणारी), रंग बदलणारी, असलं काही घेऊ नका, आम्ही ते विकतो कारण त्यात मार्जिन आहे. मोठा प्लस नंबर असेल तर पोरगी चष्म्याच्या वरनं बघायला बघेल, फ्रेम नाकावर नीट बसली पाहिजे, सैल झाली तर कुठल्याही दुकानात फुकट आवळून देतात.

एक मात्र घाईचं. पोरीच्या बुबुळात फोटोत किंवा बॅटरीच्या उजेडात पांढरी चमक दिसत असेल तर आरबीएसके, चिठ्ठी काही बघत बसू नका, उद्याच सिव्हिल गाठा. घरात धाकटं पोर असेल तर त्याच्या बाबतीतही तेच.

टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार ते खाली लिहा, त्या बाजूचं जवळचं ठिकाण सांगतो.