उपदेशाचे शास्त्रभाग आधी ठरवल्याने पवित्र आत्म्याला अडथळा होतो का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की आपल्या मंडळीत नव्याने आलेल्या पाळकांनी वर्षभराच्या रविवारांचे शास्त्रभाग (उपदेशासाठी घ्यायचे बायबलमधील उतारे) आधीच ठरवून दिले आहेत, आणि त्यामुळे आत्म्याच्या प्रेरणेला वाव उरत नाही असे काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे. मी पाळक नाही. प्रोटेस्टंट मंडळीत अधूनमधून उपदेश करणारा सभासद आहे. माझ्या मते शास्त्रभाग आधी ठरलेला असावा. तो समजावून सांगताना शब्द आयत्या वेळी सुचले तर त्यास हरकत नाही.

ज्येष्ठ मंडळी बहुधा मत्तय १०:१९-२० चा आधार घेत असतील. काय बोलावे याची चिंता करू नका, तुमच्या पित्याचा आत्मा तुमच्याद्वारे बोलेल, हे आश्वासन येशूने शिष्यांना दिले ते छळाच्या काळात अधिकाऱ्यांपुढे आरोपी म्हणून उभे राहावे लागेल त्या प्रसंगासाठी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वेदीजवळ उभ्या राहणाऱ्या उपदेशकाला ते लागू करणे ओढूनताणून होते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, प्रेषित पेत्राने केलेले भाषण मात्र खरोखर आयत्या वेळचे होते. तरीही प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ वाचून पाहिल्यास त्यात योएलाचा लांबलचक उतारा आणि १६ व ११० ही स्तोत्रे आढळतात. ज्याच्या मनात शास्त्र आधीच मुरलेले असते त्यालाच ते ऐन वेळी आठवते.

उत्स्फूर्ततेच्या बाजूने सर्वांत बळकट वचन १ करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या, अध्याय १४ मध्ये आहे. तेथे कोणी स्तोत्र, कोणी शिक्षण, कोणी प्रकटीकरण घेऊन एकत्र येत असे, आणि पौलाने ही रीत बंद केलेली नाही. त्याने मर्यादा घातल्या: दोघातिघांनीच बोलावे, एकेकाने बोलावे, इतरांनी त्याची पारख करावी, आणि बसलेल्या दुसऱ्या कोणाला काही प्रकट झाले तर पहिल्याने गप्प राहावे. (ही शेवटची अट प्रेरणेने तासभर बोलणाऱ्यांना सहसा आठवत नाही.)

दुसरी रीत यहुद्यांच्या सभास्थानातून आलेली आहे. पिसिदियातील अंत्युखियात आधी नियमशास्त्र व संदेष्टे यांचे वाचन झाले आणि मग पाहुणे म्हणून आलेल्या पौल व बर्णबा यांना बोध करण्याची विनंती करण्यात आली. वाचन आधी, बोलणे नंतर, हा क्रम दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने केलेल्या रविवारच्या उपासनेच्या वर्णनातही दिसतो.

पुढच्या इतिहासात तर योजना आणि उत्स्फूर्तता एकाच माणसात नांदताना दिसतात. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून देण्यात आले. १५४१ मध्ये तो परतला तेव्हा झालेल्या अपमानाविषयी अवाक्षर न काढता त्याने जेथे विवरण थांबले होते तेथूनच पुढे सुरुवात केली. पुस्तकामागून पुस्तक क्रमाने घेणारा हा माणूस लिहून आणलेला कागद न वाचता, समोर उघडे बायबल ठेवून बोलत असे. त्याचे पुष्कळसे उपदेश आज उपलब्ध आहेत ते १५४९ पासून नेमलेल्या लघुलेखकामुळे. प्राचीन मंडळीतील बिशप ऑगस्टीनची गोष्ट याच्या उलट आहे. त्याने एक लहान स्तोत्र सांगून ठेवले होते, वाचकाने गोंधळून दुसरेच वाचले, आणि वाचकाच्या चुकीतही देवाची इच्छा असेल असे म्हणून ऑगस्टीनने त्या वाचलेल्या स्तोत्रावरच विवरण केले. योजना मोडण्याची तयारी ही अशी असावी, पण मोडण्यासाठी ती आधी असावी लागते.

महाराष्ट्रातील उदाहरण द्यायचे तर केडगावच्या मुक्ती मिशनचे देता येईल. १९०५ च्या संजीवनाच्या (आध्यात्मिक जागृतीच्या) वेळी तेथे मुली एकाच वेळी मोठ्याने, तासन् तास प्रार्थना करीत, आणि पंडिता रमाबाईंनी त्यांना अडवले नाही. त्याच रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतरासाठी वर्षानुवर्षे बैठक मारून काम करीत होत्या. टेबलाशी बसलेल्या रमाबाईंना आत्मा कमी लाभला होता, असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

आता माझ्या मताचे खरे कारण सांगतो. शास्त्रभाग ठरलेला नसतो तेव्हा बहुधा उपदेशकाची आवडनिवड बोलते. उधळा पुत्र, २३ वे स्तोत्र आणि दशमांशासाठी (उत्पन्नाचा दहावा भाग देण्यासाठी) मलाखीचा तिसरा अध्याय ही वचने फिरून फिरून येतात. मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनवानांना याकोबाने पाचव्या अध्यायात जे सुनावले आहे ते मात्र वर्षानुवर्षे कानांवर पडत नाही. शिवाय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत वाद पेटलेला असताना पाळकांनी त्याच आठवड्यात भांडणांविषयीचे वचन निवडले, तर ते कोणाला उद्देशून आहे याची चर्चा फाटकापाशीच सुरू होते. तेच वचन सहा महिन्यांपूर्वी छापलेल्या यादीत असेल, तर ऐकणाऱ्याला ते टाळण्याची सबब उरत नाही आणि पाळकांवर हेतूचा आरोपही करता येत नाही.

यादीमुळे आळस येऊ शकतो, हे मान्य आहे. जुन्या वहीतला उपदेश काढून वाचणारे पाळक आपण सर्वांनीच ऐकले आहेत. त्यांच्याबाबत ज्येष्ठांची तक्रार रास्त ठरेल. तसेच गावावर संकट आले असताना ठरलेल्या भागाला चिकटून राहणे योग्य नाही. ३८७ मध्ये अंत्युखियात (हे सिरियातील, वर उल्लेखलेले नव्हे) सम्राटाचे पुतळे पाडले गेले आणि शहर शिक्षेच्या भीतीने गोठले, तेव्हा तेथील उपदेशक योहान क्रिसोस्तोमने त्या भयालाच उपदेशाचा विषय केले. पण त्यापूर्वी सात दिवस तो गप्प राहिला होता.

आपल्या मंडळीपुरते बोलायचे तर वर्षातील चार-पाच रविवार यादीत कोरे ठेवावेत आणि आठवड्यातील प्रार्थना सभा करिंथच्या रीतीने, पारख करण्याच्या अटीसह, सर्वांसाठी खुली करावी, असे पाळकांना सुचवून पाहा. त्याचबरोबर यादी सूचनाफलकावर लावण्याची विनंती करा, म्हणजे तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांनाही येत्या रविवारचा भाग शनिवारी घरी वाचून येता येईल.